डॉक्टर कुठे बघतायत?

माझा नवरा आयुष्यात एकदाच डॉक्टर झाला, तोही एका दुपारपुरता. एरवी तो एका बँकेचे संगणक सांभाळायचा, आणि आजारपणाबद्दलचं त्याचं ज्ञान ‘गोळी घे आणि पड जरा’ एवढ्यावर संपायचं. तरीही जावा-सुमात्रातल्या बऱ्याच घरांत त्याला ‘पाक दोक्तर’ म्हणतात. पाक म्हणजे साहेब. ही साहेबी त्याला कशी मिळाली ते आधी सांगते.

इंडोनेशियातल्या टीव्ही मालिका आपल्या मालिकांच्या सख्ख्या बहिणी आहेत. मोठा जिना, जिन्यावर सासू, जिन्याखाली रडणारी सून आणि पडद्याआड भुवई उंचावून उभी असलेली दुसरी सून. आपल्याकडे एखाद्या पात्राला काही दिवस नाहीसं करायचं असलं की अमेरिकेला पाठवतात. त्यांच्याकडे सिंगापूरला पाठवतात, आणि स्ट्रेचरवरून. तिथले श्रीमंत लोक खरोखरच उपचारांना इथे, आम्ही राहतो त्या सिंगापूरला, येतात, त्यामुळे प्रेक्षकांना ते पटतंही. अशाच एका मालिकेतली सासू जिन्यावरून पडली. मालिकेच्या नावात ‘सून’ आणि ‘अश्रू’ हे दोन्ही शब्द होते, म्हणजे पुढचं काही सांगायला नको.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका इंडोनेशियन सहकाऱ्याचा भाऊ त्या मालिकेच्या चित्रीकरणाची व्यवस्था बघायचा. डॉक्टरचं काम करणारा नट बाताम बेटावरून बोटीने येणार होता, त्याची बोट चुकली. सिंगापूरच्या डॉक्टरसारखा दिसणारा माणूस तातडीने हवा होता. भावाने भावाला फोन केला. सहकाऱ्याने मान वर केली, तर समोरच्या टेबलाशी चष्मा, टक्कल आणि गंभीर चेहरा असा माझा नवरा बसलेला. तो गंभीर नव्हता, त्याला पित्ताचा त्रास होता. पण ते कॅमेऱ्यात कळत नाही.

शनिवारी दुपारी एका काँडोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, पार्टी हॉलमध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. पांढरा पडदा, कुंडीतलं पामचं झाड आणि भिंतीवर मूत्रपिंडाचं चित्र, एवढ्यावर. सासूच्या डोक्याला मार लागला होता, पण चित्र मूत्रपिंडाचंच मिळालं होतं. डॉक्टरचा पांढरा कोट बातामच्या नटाच्या मापाचा होता, तो नवऱ्याला पोटावर बसेना. दिग्दर्शक म्हणाला, बटणं लावू नका, सिंगापूरचे डॉक्टर कामात असतात. मग त्याने काम समजावलं: आवाज जाकार्तात दुसऱ्या माणसाचा घालणार, तुम्ही कुठल्याही भाषेत काहीही बोला, फक्त अमुक इतकं लांब बोला आणि दुःखी दिसा.

मी त्याचा शर्ट आणि डबा घेऊन गेले होते. चित्रीकरण सुरू होताना जास्तीच्या माणसांना काचेच्या दाराबाहेर काढलं. बाहेर पोहण्याचा तलाव होता. मी तलावाकाठच्या खुर्चीत बसून पुस्तक वाचत राहिले. मधून मधून काचेपलीकडे हालचाल होत होती, ऐकू काही येत नव्हतं. पुस्तक कुठलं होतं ते आठवतं, पण त्याचा इथे संबंध नाही.

तो भाग आम्ही त्या सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर पाहिला. नवऱ्याचा आवाज पातळ होता, किंचित नाकातला. पडद्यावर त्याने तोंड उघडलं आणि आतून विहिरीसारखा खोल आवाज आला: माफ करा, आम्ही शर्थ केली, आता प्रार्थना करा. विजा कडाडल्या. कॅमेरा एकेका नातेवाइकाच्या तोंडावर तीन-तीनदा धावत गेला. सगळ्यात जास्त हसला तो स्वतः. म्हणाला, “हा आवाज असता ना, तर एव्हाना बढती मिळाली असती.”

पुढे त्या वर्षीच्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला स्टेजवर बोलावलं आणि ‘आंतरराष्ट्रीय कलाक्षेत्रात मराठी पताका फडकवणारे’ अशी ओळख करून देऊन शाल पांघरली. सिंगापूरच्या हवेत शाल हा सत्कार असतो की शिक्षा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती शाल पुढे आम्ही इस्त्रीखाली अंथरायला वापरली.

प्रत्येक पार्टीत त्याला एकच प्रश्न विचारला जाई: मग प्रत्यक्षात तू बोललास काय? त्याचं उत्तर दर वेळी वेगळं. एकदा म्हणाला, एकोणतीसचा पाढा. एकदा म्हणाला, साबुदाण्याच्या खिचडीची कृती, पण दाण्याचं कूट घालायच्या आधीच दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटलं. एकदा म्हणाला, पुण्यातल्या आमच्या सोसायटीची पाणीकपातीची सूचना, म्हणूनच चेहरा इतका दुःखी आला. लोक हसायचे. मीही हसायचे. खरं काय ते मी घरी आल्यावर कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका खऱ्या हॉस्पिटलात एका खऱ्या डॉक्टरने मला जवळजवळ तेच वाक्य सांगितलं. विजा कडाडल्या नाहीत. कॅमेऱ्याला फिरायला तोंडंही दोनच होती, माझं आणि मुलीचं. शोकसभेत तेच अध्यक्ष, आता माजी झालेले, बोलायला उभे राहिले आणि पताका पुन्हा फडकली.

मुलगी त्यानंतर शिकायला मेलबर्नला गेली. पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहिले. एकटेपणाबद्दल पुष्कळ चांगलं लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं मी वाचलेलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. रविवारी दुपारी खालच्या मोकळ्या जागेत कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडायचा आणि मलय गाणी वर यायची. मी खिडकी लावायची की उघडी ठेवायची याचा विचार करत बसायचे, तेवढ्यात लग्न उरकायचं.

घरात चित्रफितींची कमतरता नव्हती. नवऱ्याला चित्रण करायची भारी हौस. पण कॅमेरा कायम त्याच्या हातात, त्यामुळे आमच्या साऱ्या सहलींत तो कुठेच नाही. फक्त आवाज आहे, पातळ, नाकातला, सूचना देणारा. “बाळा, आईचा हात धर. उन्हात या. अगं, इकडे. मागे ते कचऱ्याचं पिंप येतंय, सरका.” मुलगी समोर बघून दात दाखवते आहे. मी समुद्राकडे बघते आहे, पर्समध्ये काही शोधते आहे, घड्याळ बघते आहे. कॅमेऱ्याकडे बघणं मला कधी जमलं नाही. तर असं होतं: माझ्याकडे त्याचा आवाज होता, चेहऱ्याशिवाय. आणि कुठेतरी जाकार्तात त्याचा चेहरा होता, आवाजाशिवाय.

मी नोव्हेनातल्या एका तज्ज्ञ डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये हिशेब बघते. आमच्या प्रतीक्षागृहात इंडोनेशियाहून आलेली कुटुंबं बसलेली असतात, सगळी मोबाइलमध्ये. कुणी लग्नातल्या दांगदुत गाण्यांवर मान डोलावत असतं. त्या गाण्यांचा ठेका आपल्या जुन्या हिंदी सिनेमांतून तिकडे गेला असं म्हणतात, आणि ऐकलं की खरंच वाटतं. कुणी एखादा तरुण भुताटकीच्या घरात शिरून ‘हॅलो गाइज’ म्हणत किंचाळतो ते बघत असतं. इयरफोन ही वस्तू तिथल्या वडीलधाऱ्यांना मान्य नाही.

एकदा मेदान शहराहून आलेली एक पोक्त बाई तिच्या यजमानांची वाट बघत बसली होती. हातात टॅबलेट, आवाज पूर्ण. मी सांगायला गेले की आवाज जरा कमी करा, आणि तेवढ्यात विजा कडाडल्या. त्या विजा मी ओळखल्या.

“ही मालिका?” मी विचारलं.

“जुनी आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “पण आता मोबाइलवर सगळं जुनं मिळतं. बस ना. ही सून आहे ना, हिला सपातेने मारावंसं वाटतं.”

मी बसले. उठायला हवं होतं, कारण माझे डॉक्टर आतून बघत होते. मी तिला सांगितलं की या मालिकेत माझा नवरा होता. कोण, म्हणाली. सिंगापूरचा डॉक्टर, मी म्हटलं. तिने टॅबलेट मांडीवर पालथा घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू सासूवर उपचार माझ्याच घरात झाले होते.

मग तिने मला शोधायला शिकवलं. मालिकेचं नाव, पुढे ‘सासू सिंगापूरला’ असे शब्द. इंटरनेटवर पूर्व जावातल्या कुठल्याशा बाईची वाहिनी होती. तिने मालिका लागायची तेव्हा टीव्हीसमोर मोबाइल धरून सगळे भाग टिपले होते आणि आता त्यांचे तुकडे करून चढवत होती. चित्र थोडं तिरपं, कोपऱ्यात तिचं बोट, आणि मधेच तिच्या परसातला कोंबडा आरवतो. आणि मध्ये माझा नवरा, बटणं न लावलेल्या कोटात.

“इंडोनेशियाला आलात कधी?” बाईने विचारलं.

“नाही.”

“नाही म्हणू नये. बलुम म्हणावं.” बलुम म्हणजे अजून नाही. “आमच्याकडे सत्तरीच्या कुमारिकेला विचारलं, लग्न झालं का, तर तीसुद्धा बलुम म्हणते. नाही म्हणणं बरं दिसत नाही. देवाला काय वाटेल?”

देवाला काय वाटतं याची मी फारशी काळजी करत नाही. पण शब्द लक्षात राहिला. बाईच्या यजमानांचं नाव पुकारलं गेलं, ती उठली, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. पुन्हा भेटली नाही.

त्या तुकड्याखाली लोकांनी जे लिहिलं होतं, ते वाचायला मला काही आठवडे लागले. सिंगापुरात राहून थोडी मलय डोळ्यांवरून जातेच, बाकी भाषांतराचं यंत्र. निम्म्या लोकांनी एकच शब्द लिहिला होता: हादिर. म्हणजे हजर. हा तिथला रिवाज आहे. कुणीतरी लिहायचं, दोन हजार सोळातही हे बघणारे कोण कोण आहेत, आणि खाली हजेरी लागायची. हादिर, बांदुंगहून. हादिर, हाँगकाँगहून, मालकीण बाजारात गेली आहे. हादिर, प्रसूतीच्या रजेवर. पुढच्या वर्षी पुन्हा, दोन हजार सतरा, पुन्हा तीच माणसं. आपापल्या घरी एकेकटी बसलेली ही माणसं एका पडलेल्या सासूच्या निमित्ताने वर्षातून एकदा हात वर करत होती. आमच्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेला यापेक्षा कमी हजेरी असते, आणि तिथे जेवण असतं.

बाकीच्या निम्म्यांना दुष्ट सुनेला मारायचं होतं. आणि काही थोड्यांचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे होतं. एकीने लिहिलं होतं, डॉक्टर देखणे आहेत. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. मांजराचा फोटो लावलेल्या एकाने, की एकीने, लिहिलं होतं: “ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आणि डॉक्टर कुठे बघतायत? सून इकडे, सासू तिकडे, हे भलतीकडेच.” त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

ते खरं होतं. तो सुनेच्या खांद्यावरून, कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे, लांब कुठेतरी बघत होता.

एका रविवारी मी उत्तर लिहिलं. मोडक्या इंडोनेशियनमध्ये, यंत्राच्या मदतीने: हे डॉक्टर माझे यजमान. ते मराठी बोलत आहेत, म्हणून ओठ जुळत नाहीत. ते आता नाहीत.

मी चहा करून आले तोवर खाली ओळ लागली होती. प्रार्थना, जोडलेले हात, फुलं. “आमच्या पाक दोक्तरांना शांती लाभो.” “बू, धीर धरा.” बू म्हणजे बाई, आई, दोन्ही. कुणी लिहिलं, त्यांनी आमच्या सासूला वाचवलं होतं. हे खरं आहे, सासू पुढच्या आठवड्यात शुद्धीवर आली होती. कुणी विचारलं, मराठी म्हणजे त्या तुमच्या भारतीय मालिकांत बोलतात ती का? त्या काळात आपल्या पौराणिक मालिका इंडोनेशियन आवाज घालून तिकडे भलत्याच लोकप्रिय होत्या. आपले देव त्यांच्या भाषेत बोलत होते आणि आमचा नास्तिक त्यांच्या भाषेत प्रार्थना करा म्हणत होता.

शोकसभेत मी रडले नव्हते. अध्यक्षांच्या भाषणात रडायला जागाच नव्हती. इथे, अनोळखी माणसांच्या फुलांपुढे, चहा गार झाला.

मग मांजराने विचारलं: “बू, पाक दोक्तर प्रत्यक्षात काय म्हणतायत? आम्हाला सांगा.” खाली लगेच बाकीचे बसले. आम्हीही ऐकतोय. आम्हीही. मी पण, चटई घेऊन आलोय.

मला माहीत नव्हतं. एवढ्या माणसांसमोर, त्याची बायको म्हणून ओळख देऊन, मला माहीत नव्हतं.

मी आवाज बंद करून तो तुकडा बघायला लागले. तेवढ्यावर रोजची संध्याकाळ जायची. ओठ उघडतात, पसरतात, एकदा मिटतात, पुन्हा उघडतात. एकोणतीसचा पाढा नव्हता, तो मी आरशासमोर म्हणून पाहिला. खिचडीही नव्हती. त्याच वाहिनीवरचे दुसरे तुकडे एकेक करून नाहीसे होत होते. कुणी हक्क सांगितला की चित्राच्या जागी राखाडी चौकोन राहतो. हा तुकडाही जाणार, एवढं स्पष्ट होतं. एका मनुष्याने माझ्यासमोर, काचेपलीकडे, काहीतरी म्हटलं होतं, आणि ते कळायचा एकच मार्ग एका अनोळखी बाईच्या तिरप्या मोबाइलमधून जात होता.

शेवटी मी माजी अध्यक्षांकडे गेले. माणूस अडचणीत कुठे कुठे जातो. ते पुंगोलला राहतात, बाहेर पाणी, आत भिंतभर टीव्ही. त्यांना वाटलं मी वर्गणीबद्दल आले. मी तुकडा दाखवल्यावर त्यांनी तो टीव्हीवर लावला आणि नवऱ्याचं डोकं त्यांच्या सोफ्याएवढं झालं.

“वहिनी, बघा,” ते पडद्याजवळ जाऊन म्हणाले. “इथे ओठ मिटले. म्हणजे ‘म’. राम म्हणतोय.”

“तो देव मानत नसे.”

“शेवटी सगळेच मानतात हो.”

“हे शेवटी नव्हतं. शनिवारी दुपारी होतं.”

त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. “अहो, ‘भूक लागली’ म्हणतायत ते. डबा कुठेय असं बघतायत बघा.”

“तू पोहे बघ,” अध्यक्ष म्हणाले.

“पोहे झालेत. तुमच्या रामापेक्षा माझी भूक खरी वाटते की नाही, वहिनी, तुम्हीच सांगा.”

त्यांचा मुलगा सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर काही बघत होता. त्याने मान न वळवता, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत, सांगितलं की अंकल नुसतं तोंड हलवतायत: “अंकल जस्ट मूव्हिंग माउथ लाह. एक्स्ट्रा व्हॉट.”

अध्यक्षांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. कोंबडा आरवला. कुणाचा कोंबडा, त्यांनी विचारलं, आणि मी पोहे खाऊन निघाले. निघताना म्हणाले, मंडळाच्या स्मरणिकेत ‘अखेरपर्यंत रामनाम’ असा छोटा मजकूर देऊ का? मी नको म्हटलं. बलुम म्हणण्याइतकी मी सभ्य नव्हते.

डिसेंबरात मुलगी सुट्टीला आली. हा तुकडा तिने पाहिला नव्हता. मी एकदा पाठवला होता, तेव्हा तिने लिहिलं, ‘आई, नॉट नाऊ.’ मीही पुन्हा विषय काढला नाही. आमच्यात दुःखाची वाटणी झालेली होती. सामानाची झाली नव्हती, पण ती झाली होती. तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे.

ती आली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जेवणाच्या टेबलाशी बसून, सवयीने, आवाज बंद करून तेच बघत होते. ती मागून आली, हातात टोस्ट. मी मोबाइल उलटा करायला गेले.

“थांब,” ती म्हणाली. आणि मग, चावत चावत, “कुणाला हस म्हणतोय तो? ती बाई रडतेय ना?”

“काय म्हणतोय?”

“‘अगं, इकडे बघ. हस की जरा. झालं.’” तिने ते त्याच्या सुरात म्हटलं, नाकातून. मग माझ्या तोंडाकडे बघून टोस्ट खाली ठेवला. “व्हॉट? तुला कळलं नव्हतं?”

“तुला कसं कळलं?”

“आई, दर संडेला बीचवर तो हेच म्हणायचा. मी त्याच्या तोंडाकडेच बघत असायचे, नाहीतर पुन्हा करायला लावायचा.” तिने टोस्ट पुन्हा उचलला. “तू कधी बघितलंच नाहीस. तू शिप्स बघायचीस.”

“तुला म्हणायचा तो.”

“मला बाळा म्हणायचा. अगं तुला.”

आम्ही पुन्हा लावलं. अगं: तोंड उघडतं. इकडे: पसरतं. बघ: ओठ मिटतात, तो अध्यक्षांचा राम. मग भुवया वर जातात, त्या माझ्या ओळखीच्या असायला हव्या होत्या. दुष्ट सून त्याच वेळी कोपऱ्यात हसते, कारण कथेत तिला हसायचंच असतं, पण बघताना वाटतं की डॉक्टरने सांगितलं आणि ती हसली. मुलगी हसायला लागली, आणि मग तिला हुंदका आला, आणि ती बाथरूममध्ये गेली. आमची वाटणी तेवढ्यापुरती मोडली आणि दार लागल्यावर पुन्हा जागेवर आली.

मी टेबलाशी बसून त्या पार्टी हॉलचा विचार करत होते. पडदा, कुंडी, कॅमेरा. कॅमेऱ्याच्या डावीकडे काचेचं दार. दारापलीकडे तलाव, खुर्ची, पुस्तक.

त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. या वेळी यंत्राची मदत घेतली नाही, वाक्यं लहानच होती. इकडे बघ. थोडं हस. झालं. पाक दोक्तर हे म्हणतायत. ते घरी नेहमी कॅमेऱ्यामागे असत, त्या दिवशी पहिल्यांदा पुढे होते, म्हणून सवयीने म्हणाले. ते कुठे बघतायत त्याचंही उत्तर द्यायचं होतं. लिहिलं: बाहेर बायको बसली होती, तिकडे.

चटई घेऊन बसलेले पुष्कळ जण परत आले. हृदयं आली, रडणारी तोंडं आली. एकाने लिहिलं, आता हा भाग बघताना दुष्ट सुनेचा रागच येत नाही, हे बरं झालं नाही. मांजर दुसऱ्या दिवशी उगवलं. त्याने एवढंच विचारलं: “मग, बू, हसलात का?”

मी लिहिलं, बलुम.

जानेवारीत मुलगी परत गेली. विमानतळावर तिने मोबाइल काढला, माझ्यासमोर धरला आणि काही न बोलता वाट बघत उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं. फोटो काही खास आला नाही.

पुढे तो तुकडाही राखाडी झाला आणि काही दिवसांनी वाहिनीच गेली. मुलीने जाण्याआधी एक प्रत उतरवून माझ्या संगणकात ठेवली होती, त्यामुळे तो गेला नाही, कोंबडाही गेला नाही. पण प्रतीखाली कुणी नसतं. बांदुंग नाही, हाँगकाँग नाही, मांजर नाही. वर्ष बदलतं आणि कुणी हात वर करत नाही. मी एकदा त्या मालिकेचं नाव घालून शोधलं, तर दुसऱ्या कुणीतरी दुसरे तुकडे चढवले होते, नेमके सासू सिंगापूरला जाण्यापूर्वीचे. खाली हजेरी चालू होती. मी थोडा वेळ वाचत बसले. ओळखीचं कुणी दिसलं नाही, आणि तिथे मी हादिर कुठल्या नात्याने लिहिणार?

आता रविवारी कधीतरी मी प्रत लावते. आवाज बंद ठेवते, कारण तो खोल आवाज मला अजूनही परका वाटतो. संगणक टेबलावर असतो आणि मी समोर. तो किंचित डावीकडे बघतो, म्हणून मी खुर्ची तेवढी सरकवून घेते. त्याने काही होत नाही, हे मला कळतं. पडद्यावरचा माणूस, तुम्ही कुठेही बसा, त्याला जिथे बघायचं तिथेच बघत राहतो. तरी सरकवते.